टेबलावर गप्प, कॅबिनेटमध्ये घुमणारा: ट्यूब गिटार ॲम्पमध्ये परत परत येणारा हम

घरी हाताने तारा जोडून बांधलेला ट्यूब ॲम्प पहिल्यांदा सुरू केला की, ट्यूब तापता तापता स्पीकरमधून गिटारच्याही आधी जो आवाज येतो, तो बहुतेक वेळा हमचा, म्हणजे घरातल्या एसी विजेपासून येणाऱ्या सततच्या घुमण्याचा, असतो. थोडासा हम या यंत्राच्या रचनेतच आहे आणि तो स्वीकारावा लागतो. परंतु दोन स्वरांमधल्या शांततेत जो ऐकू येतो आणि वाजवणाऱ्याचे लक्ष स्वतःकडे ओढून घेतो, तो हम म्हणजे दोष असतो आणि त्याला निश्चित कारण असते. माझ्या ॲम्पमधला हम तीन वेळा गेला आणि तीनही वेळा परत आला. तिसऱ्या वेळेनंतर त्याचे खरे कारण सापडले. त्या शोधात जी पद्धत हाती लागली ती येथे सविस्तर मांडत आहे, कारण मी आधी बदललेले दोन्ही भाग पूर्णपणे निर्दोष होते आणि इतरांचे पैसे व वेळ तसे वाया जाऊ नयेत असे मला मनापासून वाटते.

माझा ॲम्प छोटा आहे, त्यात तीनच ट्यूब: सिग्नल वाढवण्याचे पहिले दोन्ही टप्पे सांभाळणारी एक १२एएक्स७, आउटपुटला एक ६व्ही६ आणि रेक्टिफायर म्हणून, म्हणजे एसीचे डीसी करायला, ५वाय३. फेंडरच्या १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातील चॅम्प ५एफ१ या सर्किटवर तो आधारलेला आहे. पहिला टप्पा, मग व्हॉल्यूम, मग दुसरा टप्पा, मग एकच आउटपुट ट्यूब, एवढाच सिग्नलचा प्रवास. सर्किट इतके साधे असल्यामुळे प्रत्येक टप्पा वेगळा करून तपासता येतो. मोठ्या ॲम्पमध्येही हीच पद्धत चालते, फक्त टप्पे वाढतात.

आधी जिवाच्या काळजीबद्दल. या ॲम्पच्या फिल्टर, म्हणजे डीसी सपाट करणाऱ्या, कपॅसिटरवर साडेतीनशे व्होल्टच्या आसपास डीसी दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो तेथेच साठून राहतो. १६, ८ आणि ८ असे एकूण ३२ मायक्रोफॅरड ३५० व्होल्टवर भरलेले असले तर त्यात सुमारे दोन जूल ऊर्जा असते, आणि ती हातातून छातीकडे जाणे प्राणघातक ठरू शकते. म्हणून पहिल्या कपॅसिटरवर २२० किलोओहमचा, दोन वॉटचा आणि ५०० व्होल्ट पेलणारा रेझिस्टर कायमचा जोडून टाकावा. प्लग काढल्यावर साधारण ३५ सेकंदांत त्याच्या वाटे कपॅसिटर जवळजवळ रिकामे होतात. तरीही रेझिस्टरवर विश्वास ठेवू नये, मल्टिमीटरवर ठेवावा: तिन्ही कपॅसिटरवरील दाब १० व्होल्टच्या खाली आल्याचे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आत बोट घालू नये. पुढे जेथे जेथे क्लिप लावा, ट्यूब काढा किंवा कपॅसिटर जोडा असे म्हटले आहे, तेथे प्लग काढून, दाब उतरल्याची खात्री करून, जोडणी करून, मगच पुन्हा सुरू करायचे आहे. स्पीकर न जोडता ॲम्प सुरू करू नये, कारण बिनभाराच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्राथमिक वेटोळ्यावर दाब उसळून इन्सुलेशन फुटू शकते. आणि मेन्सच्या (भिंतीतल्या विजेच्या) अर्थची तार काढल्यावर हम कमी होत असला तरी ती तार कधीही काढायची नाही. तसा कमी झालेला हम एवढेच सांगतो की ग्राउंडची (सर्किटच्या सामायिक शून्य दाबाच्या जोडणीची) मांडणी चुकली आहे; दुरुस्ती तेथे करायची.

हमचा स्वर ओळखणे

मेन्स ५० हर्ट्झचा असेल तेथे हम दोन मुख्य स्वरांत येतो. हीटरला (ट्यूब तापवणाऱ्या तंतूला) दिलेल्या ६.३ व्होल्ट एसीपासून, किंवा मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रापासून येणारा हम मुख्यतः ५० हर्ट्झचा असतो. फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतर उरलेल्या रिपलमुळे (डीसी दाबातल्या चढउतारामुळे) येणारा हम १०० हर्ट्झचा असतो. गिटार वाजवणाऱ्यासाठी हा भेद कानाने ओळखणे अवघड नाही: सर्वांत जाड तारेवर तिसरा फ्रेट दाबून वाजवलेला स्वर ९८ हर्ट्झचा असतो. ॲम्पला न जोडलेल्या गिटारवर तो स्वर वाजवून हमशी ताडून पाहावा. जवळजवळ जुळला तर १०० हर्ट्झ. त्याच स्वराच्या एक सप्तक खाली हम असेल तर ५०. मेन्स ६० हर्ट्झचा असेल तेथे रिपलचा हम १२० हर्ट्झचा होतो आणि तो पाचव्या तारेच्या पहिल्या व दुसऱ्या फ्रेटच्या मधे कुठेतरी पडतो.

येथे एक सावधगिरी हवी. आठ इंची स्पीकर आणि मागून उघडे कॅबिनेट ५० हर्ट्झ फार क्षीणपणे वाजवतात, त्यामुळे कानाला त्या हमचे वरचे अंशस्वरच जास्त ऐकू येतात आणि फसगत होते. मोबाइलवरचे स्पेक्ट्रम दाखवणारे एखादे ॲप स्पीकरसमोर धरले तर ५० चा सुळका आहे की नाही हे स्पष्ट दिसते. स्वराबरोबर पोतही लक्षात घ्यावा. गुळगुळीत, पोकळ घुमणे हे बहुधा हीटरचे किंवा चुंबकीय असते, तर खरखरीत, करवतीसारखा घर्रर्र आवाज हा रेक्टिफायरच्या प्रवाहाचे झटके चुकीच्या तारेतून जात असल्याचे लक्षण असते.

दुसरी फसगत अशी की, ५० हर्ट्झ म्हणजे हीटरच असे समीकरण मनाशी पक्के करू नये. रेक्टिफायर ट्यूबची एक प्लेट निकामी झाली, किंवा ट्रान्सफॉर्मरच्या उच्चदाब वेटोळ्याच्या एका अर्ध्या भागाची जोडणी सुटली, तर रेक्टिफायर अर्ध्याच लहरीवर चालतो आणि रिपलही ५० हर्ट्झचाच होतो. हे तपासण्यासाठी ॲम्प सुरू करण्याची गरज नाही. प्लग काढून, ५वाय३ सॉकेटबाहेर काढून, पिन ४ व मधला टॅप (उच्चदाब वेटोळ्याच्या मध्यातून काढलेले टोक) आणि पिन ६ व मधला टॅप यांमधला रोध मोजावा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत; थोडा फरक स्वाभाविक आहे, कारण बाहेरच्या अर्ध्या वेटोळ्याची तार किंचित जास्त लांब असते.

हम कोठून शिरतो हे शोधणे

गिटार आणि केबल काढून ठेवावी. हम गेला तर तो ॲम्पचा नव्हता. गिटारचा सिंगल-कॉइल पिकअप किंवा केबल तो आणत होती. गिटार घेऊन जागेवर गोल फिरल्यावर हम कमीजास्त होत असेल तर पिकअपवर शिक्कामोर्तब झाले. केबल काढूनही हम उरला तर इनपुट जॅककडे पाहावे. प्लग नसताना जॅकमधल्या पात्याने इनपुट ग्राउंडला टेकवले पाहिजे. ते पाते वाकलेले किंवा काळे पडलेले असले तर पहिल्या ट्यूबची ग्रिड, म्हणजे सिग्नल जेथे शिरतो ती जाळी, उघडी राहते आणि हवेतला सगळा हम गोळा करते.

आता व्हॉल्यूम शून्यावर न्यावा. हम तसाच राहिला तर तो व्हॉल्यूमच्या पुढच्या भागातला आहे, म्हणजे दुसरा टप्पा, आउटपुट ट्यूब किंवा वीजपुरवठा. व्हॉल्यूमबरोबर हम वाढत गेला तर तो पहिल्या टप्प्यातून येतो. तिसरी शक्यता पुष्कळांच्या लक्षात येत नाही: हम दोन्ही टोकांना कमी आणि मधे कुठेतरी सर्वांत जास्त. असे झाले तर दोष ट्यूबमध्ये नसून व्हॉल्यूमच्या मधल्या टोकापासून पुढच्या ग्रिडकडे जाणाऱ्या तारेत असतो. १ मेगओहमच्या व्हॉल्यूमचा रोध त्या टोकाच्या दृष्टीने मधल्या स्थितीत सर्वाधिक असतो, आणि तार जितक्या मोठ्या रोधातून ग्राउंडला पोहोचते तितकी ती आजूबाजूचे विद्युतक्षेत्र जास्त पकडते. ती तार आखूड करून हीटरपासून दूर न्यावी, किंवा शील्ड असलेली वापरावी आणि शील्डचे एकच टोक ग्राउंडला जोडावे.

दोष व्हॉल्यूमच्या पुढे असल्याचे कळले की दुसऱ्या टप्प्याची ग्रिड क्लिपने ग्राउंडला टेकवून पाहावे. हम थांबला तर तो त्या ग्रिडपर्यंत पोहोचणाऱ्या तारेतला आहे. थांबला नाही तर १२एएक्स७ काढून पाहावी. येथे ध्यानात ठेवायचे ते असे: या सर्किटमध्ये स्पीकरकडून दुसऱ्या टप्प्याच्या कॅथोडकडे (ट्यूबमधल्या इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाकडे) ऋण प्रतिपोषण, म्हणजे आउटपुटचा उलट परतवलेला थोडा अंश, जाते, आणि ते आउटपुट टप्प्यातला हमही दाबत असते. १२एएक्स७ काढली की हे दडपण उठते, म्हणून आउटपुट ट्यूबचा स्वतःचा हम थोडा वाढलेला ऐकू येऊ शकतो. ती वाढ म्हणजे नवा दोष नव्हे. मात्र ५वाय३ जागेवर असताना ६व्ही६ काढून ॲम्प सुरू करू नये. भार नाहीसा झाला की ३२५-०-३२५ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर डीसी दाब ४६० व्होल्टपर्यंत चढतो आणि ४५० व्होल्टचे कपॅसिटर त्यांच्या मर्यादेपलीकडे जातात.

रिपल किती असावा

हम १०० हर्ट्झचा आणि १२एएक्स७ काढूनही उरणारा असेल तर पहिला संशय फिल्टर कपॅसिटरवर जातो आणि बहुतेक जण लगेच कपॅसिटर बदलून टाकतात. मीही तेच केले होते. बदलण्याआधी हिशेब करून मोजणे अधिक शहाणपणाचे आहे. १६ मायक्रोफॅरडमधून ५० मिलिॲम्पिअर प्रवाह एक शतांश सेकंद ओढला तर दाब सुमारे ३१ व्होल्टने उतरेल. भरण्यात जाणारा वेळ वजा केला तर प्रत्यक्ष रिपल शिखरापासून तळापर्यंत २५ व्होल्टच्या आसपास येतो. मल्टिमीटरच्या एसी पट्टीवर, मधे ०.१ मायक्रोफॅरडचा ६३० व्होल्टचा कपॅसिटर लावून, तो सात ते आठ व्होल्ट दिसेल. पुढच्या १० किलोओहम आणि ८ मायक्रोफॅरडच्या जोडीने तो पन्नास पटींनी कमी होतो, आणि त्यापुढच्या २२ किलोओहम व ८ मायक्रोफॅरडने आणखी शंभरेक पटींनी. म्हणजे पहिल्या ट्यूबपर्यंत काही मिलिव्होल्टच पोहोचतात. हे आकडे दुप्पट-तिप्पट आले तर तो कपॅसिटर वाळला आहे असे समजावे. प्लग काढून, दाब उतरवून, त्याच मूल्याचा चांगला कपॅसिटर ध्रुव सांभाळून समांतर जोडून पाहावा आणि हम उतरला तरच जुना काढावा.

पहिल्या कपॅसिटरचे मूल्य ऐपतीप्रमाणे वाढवत नेण्याचा मोह टाळावा. रेक्टिफायर ट्यूबच्या डेटाशीटमध्ये पहिल्या कपॅसिटरची कमाल मर्यादा दिलेली असते. ती ओलांडली की प्रत्येक अर्ध्या लहरीत भरण्याचा प्रवाह अधिक टोकदार होतो, ट्यूबचे आयुष्य घटते आणि ग्राउंडच्या तारांमधली घरघर उलट वाढूही शकते. वाढवायचेच असेल तर दुसऱ्या जागी वाढवावे.

एवढे करूनही एकाच आउटपुट ट्यूबच्या ॲम्पमध्ये थोडा १०० हर्ट्झ उरतोच, कारण येथे आउटपुट ट्रान्सफॉर्मरला पुरवठा पहिल्याच कपॅसिटरवरून होतो आणि त्या २५ व्होल्टांचा लहानसा हिस्सा प्राथमिक वेटोळ्यावर पडतो. पुश-पुल (दोन आउटपुट ट्यूब आलटून-पालटून चालणाऱ्या) ॲम्पमध्ये दोन अर्ध्या वेटोळ्यांत तो परस्परांविरुद्ध जाऊन मिटतो. म्हणून तेथे रिपलचा हम अचानक वाढला तर दोन आउटपुट ट्यूबचा स्थिर प्रवाह सारखा आहे का, हे आधी पाहावे.

ग्राउंड: सर्वांत जास्त चुका होणारी जागा

सर्किटच्या कागदावर ग्राउंडची सगळी चिन्हे सारखी असतात आणि त्यामुळे नवशिक्याला वाटते की चॅसीला (ॲम्पच्या धातूच्या पेटीला) कोठेही टेकवले तरी चालेल. प्रत्यक्षात प्रत्येक तारेला रोध असतो. अर्धा चौरस मिलिमीटरच्या दहा सेंटिमीटर तारेचा रोध सुमारे ३.३ मिलिओहम. ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप आणि पहिल्या कपॅसिटरचे ऋण टोक यांच्यामध्ये वाहणारा भरण्याचा प्रवाह सलग नसतो. तो सेकंदाला शंभर वेळा पाव ॲम्पिअरपर्यंत उसळणाऱ्या झटक्यांचा असतो. हे झटके त्या तारेतून गेले तर तिच्या दोन टोकांत सुमारे ०.८ मिलिव्होल्ट उभे राहतात. आता ही तार पहिल्या ट्यूबच्या कॅथोडच्या ग्राउंडमध्येही सामायिक असेल, तर हे ०.८ मिलिव्होल्ट गिटारच्या सिग्नलमध्ये मिसळून सगळ्या टप्प्यांतून वाढत स्पीकरपर्यंत जातात. गिटारचा सिग्नलच जेथे शंभरेक मिलिव्होल्ट असतो, तेथे हे प्रमाण कानाला न जाणवणे शक्यच नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा. उच्चदाब वेटोळ्याच्या मधल्या टॅपची तार इतर कशालाही न स्पर्शता थेट पहिल्या कपॅसिटरच्या ऋण टोकावर यावी. तेथेच ६व्ही६ च्या कॅथोडचा ४७० ओहमचा रेझिस्टर आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या स्पीकर वेटोळ्याचे एक टोक यावे. तेथून एकच जाड तार दुसऱ्या कपॅसिटरच्या ऋण टोकाकडे, तेथून तिसऱ्याच्या ऋण टोकाकडे, आणि त्या तिसऱ्या टोकावर १२एएक्स७ चे कॅथोड रेझिस्टर, व्हॉल्यूमचे खालचे टोक आणि ग्रिडचा १ मेगओहम. ही तार चॅसीला एकाच ठिकाणी, इनपुट जॅकजवळ, टेकवावी. मोठे प्रवाह ज्या तारेतून वाहतात तिच्यात लहान सिग्नल शिरता कामा नये, एवढे सूत्र पाळले की बाकीचे आपोआप जुळते. मेन्सच्या अर्थची तार मात्र या सगळ्यापासून वेगळी: प्लगची केबल आत येते तेथेच स्वतंत्र बोल्टवर, रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून, घट्ट आवळलेली.

येथेच परत परत येणाऱ्या हमचे एक नेहमीचे कारण दडलेले असते. ॲल्युमिनियमच्या चॅसीवर हवेमुळे ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तो वीज वाहू देत नाही. इनपुट जॅकच्या नटवरच ग्राउंड अवलंबून असेल, तर केबल ओढली-काढली जाता जाता नट सैल होतो, सांध्यात ऑक्साइड शिरतो आणि काही महिन्यांनी हम येतो. नट आवळला की तो जातो आणि काही दिवसांनी पुन्हा येतो. जॅकच्या लगला स्वतंत्र तार सोल्डर करून ती ग्राउंडच्या तारेशी जोडली की हा खेळ कायमचा थांबतो. स्पीकरच्या जॅकला मात्र इन्सुलेटिंग वॉशर घालावेत, म्हणजे चॅसीशी दुसरा सांधा तयार होणार नाही.

हीटर, आणि माझा तीनदा परतलेला हम

१२एएक्स७ ला ०.३ आणि ६व्ही६ ला ०.४५ ॲम्पिअर हीटर प्रवाह लागतो; म्हणजे या दोन तारांतून पाऊण ॲम्पिअर एसी वाहतो. दोन तारा एकमेकींभोवती घट्ट पीळ देऊन, चॅसीच्या कोपऱ्याला चिकटवून न्याव्यात आणि ग्रिडच्या पिनेपासून दूरच्या बाजूने सॉकेटवर उतरवाव्यात. १२एएक्स७ च्या ४ व ५ या पिना जोडून एक टोक, आणि ९ दुसरे. ६व्ही६ ला २ आणि ७. पीळ दिल्याने दोन तारांची चुंबकीय क्षेत्रे परस्परांना मारतात. परंतु विद्युतक्षेत्रेही तशीच मारली जायची असतील तर दोन्ही तारांवरचा दाब ग्राउंडच्या दोन्ही बाजूंना सारखाच असला पाहिजे: एकीवर ३.१५ व्होल्ट, दुसरीवर उलट कलेचे ३.१५. माझ्या ट्रान्सफॉर्मरच्या हीटर वेटोळ्याला मधला टॅप नसल्यामुळे मी १०० ओहमचे दोन रेझिस्टर लावून कृत्रिम मध्य केला होता.

माझा हम ५० हर्ट्झचा होता, व्हॉल्यूम शून्यावर असतानाही राहत होता आणि व्हॉल्यूम वाढवला की आणखी चढत होता. पहिल्या वेळी मी चॅसी बाहेर काढली, १२एएक्स७ बदलली, टेबलावर उलटी ठेवून सुरू केली. हम नाही. कॅबिनेटमध्ये बसवली आणि तिसऱ्या दिवशी हम परत. दुसऱ्या वेळी फिल्टर कपॅसिटर बदलले. टेबलावर शांत, कॅबिनेटमध्ये परत. तिसऱ्या वेळी काहीही न बदलता फक्त चॅसी बाहेर काढली, आणि तरीही हम गेला. त्या क्षणी कळले की दोन्ही वेळा दुरुस्ती मी केलीच नव्हती. चॅसी बाहेर काढण्याच्या कृतीत काहीतरी बदलत होते आणि मी श्रेय बदललेल्या भागाला देत होतो.

मग भिंग घेऊन हीटरच्या तारांवरून इंच-इंच पुढे गेलो. त्या दोन १०० ओहमच्या रेझिस्टरपैकी एकाचे अंग तपकिरी पडले होते, त्यावरचा शेवटचा पट्टा ओळखू येत नव्हता. शेजारचा दुसरा अगदी नवा कोरा दिसत होता. एकाच कामाला लावलेल्या दोन सारख्या रेझिस्टरपैकी एकच तापतो, याचा अर्थ दोघांवर सारखा दाब नाही. प्रत्येकावर ३.१५ व्होल्ट असतील तर प्रत्येकी ०.१ वॉट खर्च होतात. एक तार ग्राउंडला टेकली तर एका रेझिस्टरवर शून्य आणि दुसऱ्यावर पूर्ण ६.३ व्होल्ट येतात, म्हणजे ०.४ वॉट, आणि मी लावलेले रेझिस्टर पाव वॉटचे होते.

टेकत होते ते सूचक दिव्याचे होल्डर. समोरच्या पट्टीवरचा तांबडा दिवा हीटरच्याच ६.३ व्होल्टवर चालतो. त्या होल्डरचे बाहेरचे धातूचे कवच दिव्याच्या एका टोकाशी आतून जोडलेले होते आणि चॅसीपासून त्याला वेगळे ठेवणारा एकच पातळ फायबरचा वॉशर होता. तो वॉशर एका बाजूला नखभर फाटला होता. चॅसी कॅबिनेटबाहेर काढण्यासाठी समोरच्या पट्टीवरचा होल्डरचा नट सैल करावा लागे, त्यामुळे टेबलावर कवच अधांतरी राहत असे. कॅबिनेटमध्ये बसवून नट आवळला की, दिवा तापून वॉशर दबल्यावर कवच चॅसीला टेकत असे. हीटरचा समतोल तेवढ्याने बिघडत होता.

ही तपासणी प्लग काढून एका मिनिटात होते आणि मी ती सर्वांत आधी करायला हवी होती. हीटरच्या कोणत्याही एका तारेपासून चॅसीपर्यंतचा रोध मोजावा. वेटोळ्याचा स्वतःचा रोध एका ओहमहूनही कमी असल्यामुळे दोन्ही रेझिस्टर समांतर दिसतात आणि आकडा ५० ओहम येतो, दोन्ही तारांवर सारखाच. आकडा शून्याजवळ आला तर कोणती तरी तार, होल्डर किंवा सॉकेट चॅसीला टेकत आहे. १०० आला तर एका रेझिस्टरचे टोक सुटले आहे. ट्रान्सफॉर्मरला मधला टॅप असून तो ग्राउंडला जोडला असेल तर मात्र ही मोजणी उपयोगाची नाही, कारण तेथे आकडा नेहमीच शून्याजवळ येतो. तो टॅप तात्पुरता सोडवून मग मोजावे. अशा ॲम्पमध्ये होल्डर टेकला तर अर्धे वेटोळे शॉर्ट होऊन ट्रान्सफॉर्मर जळण्याचा धोका असतो, म्हणून तेथे ही तपासणी अधिकच गरजेची आहे.

हीटरचा समतोल ठीक असूनही ५० हर्ट्झ उरला तर दोन गोष्टी करून पाहाव्यात. पहिली, १२एएक्स७ दुसरी लावणे: काही ट्यूबमध्ये हीटरकडून कॅथोडकडे थोडी गळती असते आणि ती ट्यूबनुसार बदलते. दुसरी, दोन १०० ओहमचा सांधा ग्राउंडऐवजी ६व्ही६ च्या कॅथोडला जोडणे. तेथे ४० मिलिॲम्पिअर गुणिले ४७० ओहम, म्हणजे सुमारे १९ व्होल्ट डीसी तयारच असतात आणि बायपास कपॅसिटरही जागेवर असतो. हीटर १२एएक्स७ च्या कॅथोडपेक्षा धन झाला की हीटरमधून कॅथोडकडे जाणारे इलेक्ट्रॉन थांबतात आणि त्यांच्याबरोबर तो हमही. माझ्या ॲम्पमध्ये हा एका तारेचा बदल स्पष्टपणे ऐकू आला. ज्यांना हीटरच दोषी आहे याची पक्की खात्री हवी असेल त्यांनी १२एएक्स७ च्या हीटरच्या दोन्ही तारा सोडवून तिला सहा व्होल्टच्या बॅटरीवर चालवून पाहावे. हम गेला तर शंका उरत नाही.

ट्रान्सफॉर्मरच्या मांडणीबद्दल थोडक्यात: मेन्सचा आणि आउटपुटचा ट्रान्सफॉर्मर काटकोनात असावेत. भोके पाडण्याआधी, मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरची सर्व दुय्यम टोके नीट झाकून त्याला वीज द्यावी, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या स्पीकर टोकांना हेडफोन लावावा आणि तो हाताने फिरवत सर्वांत शांत जागा शोधावी. चॅसी बांधून झाल्यावर ही चूक सुधारणे फार त्रासाचे असते.

मी फाटका वॉशर काढून जाड नायलॉनचा घातला, दोन्ही रेझिस्टर अर्ध्या वॉटचे लावले आणि दिव्याच्या तारा हीटरच्या शेवटच्या टोकाऐवजी थेट ट्रान्सफॉर्मरजवळून घेतल्या. स्पीकरच्या दोन टोकांवर, इनपुटला काही न जोडता आणि व्हॉल्यूम शून्यावर ठेवून, आधी ३८ मिलिव्होल्ट एसी दिसत होते. आता ४ दिसतात, आणि ते उरलेले १०० हर्ट्झचे आहेत. कॅबिनेटच्या आतल्या बाजूस एक कागद चिकटवला आहे: तिन्ही कपॅसिटरवरील डीसी, पहिल्यावरील रिपल, ६व्ही६ च्या कॅथोडवरील डीसी, आणि स्पीकरवरचे मिलिव्होल्ट. हीटरपासून चॅसीपर्यंतचे ५० ओहमही त्यावर आहेत, ६व्ही६ च्या कॅथोडवरून सांधा तात्पुरता ग्राउंडला क्लिप करून मोजलेले. ही शेवटची मोजणी चॅसी कॅबिनेटमध्ये बसवून, सगळे नट आवळून, मागची फळी लावण्याच्या अगदी आधी करावी.